देवमासा पाहण्यास हरकत नाही

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
३ एप्रिल २०२५

प्रिय करुणा,
सप्रेम जयभीम.

तू परवा पुण्याला प्रणयला फोन केलास आणि मी फेब्रुवारीत न्हाणीत पडले होते हे त्याला सांगितलंस. म्हणून हे पत्र लिहावं लागतंय.

तुझ्या फोनचा परिणाम ऐक. जूनमध्ये आपण ज्या जहाजानं जाणार, ते चौथ्या दिवशी त्रिंकोमालीला थांबेल. तिथं आपल्या अठरा जणींपैकी बारा जणींनी लहान बोटीनं खोल समुद्रात देवमासे पाहायला जायचं आणि बाकीच्यांनी बसनं किल्ला आणि बाजार बघायचा, असं ठरलंय. पासष्टच्या वरच्या बाईला बोटीत बसायचं तर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. तुझ्या भाच्यानं मला न विचारता सहल कंपनीच्या शहागंजातल्या ऑफिसात कळवून टाकलं की मी सही देणार नाही. त्यांनी माझं नाव बसच्या यादीत घातलं. वर मला म्हणतो, "आई, जहाजावर जा ना, मी कुठं अडवतोय? फक्त त्या बोटीत नको." म्हणजे लग्नाला जा, फक्त मांडवात शिरू नको.

मी हे फोनवर का बोलत नाही, ते तुला माहीत आहे. फोनवर तू "हो वहिनी, बरं वहिनी" म्हणतेस आणि ठेवला की स्वतःच्या मनासारखं करतेस. कागदावर विचारलं की कागदावर उत्तर द्यावं लागतं.

मी पडले, कारण फरशीवर साबणाचं पाणी होतं. डॉक्टरांनी फोटो काढला, हाड शाबूत आहे. बोटीसाठी लागणारा दाखलाही त्यांनी दिलाय. माझं वय एकोणसत्तर आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही, मीच ते दरवर्षी मोजते.

आता मला देवमासाच का बघायचा, तेही एकदाच लिहिते. एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान शिकवलं, त्यातली चौदा वेरूळच्या बाजूला. निळा देवमासा केवढा, हे पोरांना फळ्यावर कळत नाही. म्हणून मी दरवर्षी मैदानावर चुन्याच्या फक्कीनं त्याची आकृती आखायची. तीस मीटर. आमचं मैदान बावीस मीटरचं. शेपटी दरवर्षी फाटकाबाहेर रस्त्यावर जायची आणि दुपारपर्यंत उसाचे ट्रॅक्टर तिच्यावरून जाऊन ती पुसली जायची. पोटात अख्खी सातवी उभी राहायची, तरी जागा उरायची. एका पोरीनं विचारलं, "बाई, तुमी बघितलाय का?" मी म्हणाले, "पुस्तकात आहे." हे उत्तर मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

तेव्हा तू असं कर. प्रणयला लिही की मी ठणठणीत आहे. आणि माझ्या फॉर्मवर सही तू कर. नणंद जवळची नातेवाईक नाही तर कोण? शिवाय तू त्याच बोटीत माझ्या शेजारी बसणार आहेस. फॉर्म आणून पाठवते.

तुझी,
रत्नमालावहिनी


परभणी
११ एप्रिल २०२५

ती. वहिनीस,
करुणाचा सविनय जयभीम.

पत्र मिळालं. पोस्टमन म्हणला, "मावशी, अजून पत्र कोण लिहितं?" मी म्हणलं, "आमच्या वहिनी. शाळेत बाई होत्या." "मग बरोबर हाय," म्हणला आणि गेला.

फोन मी केला, नाय म्हणत नाही. तेहेतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. खुब्याचं हाड मोडून आलेली एकूण एक बाई मला सांगायची, सिस्टर, मी साबणावरनं घसरले. तुम्ही एकट्याच खऱ्या साबणावरनं घसरल्या असाल तर चांगलंच आहे.

पण एक गोष्ट मी प्रणयला सांगितली नाय, ती तुम्हालाच लिहिते. त्या दिवशी मी तुमच्याकडं मुक्कामाला होते म्हणून बरं. मी दार ढकलून आत आले तेव्हा तुम्ही बादलीला धरून बसल्या होत्या. माझ्याकडं बघून म्हणल्या, "करुणा, तुझ्या दादाला सांगू नको." वहिनी, दादाला जाऊन सहा वर्षं झाली. तुम्हाला ते आठवत नसंल. मला तेव्हापासून झोप नाय.

सही माझ्याकडं मागू नका. मोटारीत बसून किल्ला बघू. मला पण बसच बरी वाटायली.

तरीबी तुम्ही जाणारच असाल तर ऐका. उलटीची गोळी बोटीत बसायच्या अर्धा तास आधी घ्यायची, बोट हलायला लागल्यावर नाय. पोट रिकामं ठेवायचं नाय आणि तेलकट खायचं नाय. ज्वारीच्या लाह्या बऱ्या. नजर लांब जिथं पाणी आणि आभाळ भेटतं तिथं ठेवायची, पायाशी बघायचं नाय. मधोमध बसायचं, टोकाला लई हलतं.

इकडं आमचा अतुल, सूनबाई विशाखा आणि नात खुशाल. विशाखाचं जूनमध्ये शिक्षकांचं ट्रेनिंग लागलंय.

तुमची,
करुणा


हर्सूल
१७ एप्रिल २०२५

प्रिय करुणा,
सप्रेम जयभीम.

जयंतीच्या गडबडीत उत्तराला दोन दिवस उशीर झाला.

मी तसं म्हणाले असेन. मला आठवत नाही, पण तू खोटं लिहिणार नाहीस. एकेचाळीस वर्षं या घरात मी काही सांडलं, फोडलं, हरवलं की पहिलं वाक्य तेच होतं. पडल्याच्या धक्क्यात सवयीचं वाक्य तोंडात आलं, एवढाच त्याचा अर्थ. तरी मी डॉक्टरांना काल जाऊन तेही सांगितलं. त्यांनी आजची तारीख, वार, शंभरातून सात वजा करत खाली ये, असं सगळं विचारलं. मी दोनपर्यंत खाली आले. ते शहाऐंशीवर अडकले.

तू म्हणतेस बोट हलते. म्हणून मी सराव सुरू केलाय. रोज सकाळी हर्सूल ते शहागंज शहर बसनं उभी राहून जाते, दांडीला एकाच हातानं धरून. कंडक्टर म्हणाला, "आजी, जागा रिकामी हाय, बसा की." मी म्हणाले, "मी समुद्रात जायची तयारी करतेय." तेव्हापासून तो मला वळण यायच्या आधी ओरडून सांगतो. दुसऱ्या दिवसापासून माझा तोल गेलेला नाही. गोळीचं, लाह्यांचं आणि मधोमध बसायचं वहीत लिहून घेतलं.

आता माझी चूक लिहिते, म्हणजे तुला दुसऱ्याकडून कळायला नको.

शहागंजातून बोटीचा फॉर्म घरी आणला. वर छापलेलं, "महाकाय माशांचे दर्शन." मी लाल पेननं लिहिलं, मासा नव्हे, सस्तन प्राणी. हवेत श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. खाली, "पासष्ट वर्षांवरील महिलांनी शक्यतो जहाजावरच विश्रांती घ्यावी." मी लिहिलं, कशाची विश्रांती? कारण द्या. संमतीचा रकाना खोडून लिहिलं, लागू नाही. शेवटी दहापैकी चार गुण दिले, सही केली आणि नेऊन दिला.

तिथला धम्मपाल नावाचा मुलगा कपाळाला हात लावून बसला. तो माझा विद्यार्थी नाही, नाहीतर असा फॉर्म त्यानं छापूच दिला नसता.

"मॅडम, हे काय केलंत? ओरिजिनल होता."

"चुका दाखवल्या."

"खाडाखोड झाली की फॉर्म बाद होतो मॅडम. चेन्नईच्या जहाजवाल्यांचा नियम हाय. आता बोटीत दोनच जागा राहिल्यात. वीस मेपर्यंत नवा कोरा फॉर्म, सहीसकट."

"नणंदेची सही चालेल?"

"नणंद जवळची नातेवाईक धरायची का, ते विचारावं लागंल."

"विचार. आणि नाही म्हणाले तर त्यांना माझ्या घरी पाठव."

एकतीस वर्षं लाल पेन हातात आलं की कागद कुणाचा, हे मी कधी पाहिलं नाही. त्या सवयीनं आपल्या जागा धोक्यात आल्या. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

सोबत दोन कोरे फॉर्म आहेत. तूही सहासष्टची आहेस, तुलाही सही लागेल. तुझ्यावर नातेवाईक म्हणून मी करून पाठवली आहे. माझ्यावर तू कर. लाल शाई वापरू नको.

तुझी,
रत्नमालावहिनी


परभणी
२९ एप्रिल २०२५

ती. वहिनीस,
सविनय जयभीम.

दोन्ही फॉर्म परत पाठवायले. माझा भरला नाय, तुमच्यावर सही केली नाय. राग धरू नका. दुसरी कुणी सोबतीण बघा, तुमच्या शाळेतल्या संध्याबाई येतील. जहाजावरच्या खोलीत पण त्यांनाच घ्या. मला पाण्याची भीती वाटते.

उन्हाचं फिरू नका. बसमध्ये बसत जा.

करुणा


हर्सूल
४ मे २०२५

करुणा,
जयभीम.

पाण्याची भीती तुला?

गोदावरीला पूर आला होता त्या साली तू गुळाच्या काहिलीत बसून पलीकडच्या गावात लसी घेऊन गेली होतीस. काहिलीत तू, लसींची पेटी आणि एक वल्हवणारा. मधे भोवऱ्यात काहील तीनदा गरगरली, तेव्हा तू त्या माणसाला म्हणालीस, "मामा, पेटी भिजली तर बघा." हे मला तू नाही, त्या माणसानं सांगितलं. तुझ्या लग्नात जेवायला आला होता तो. बारा जणींच्या पक्क्या बोटीला घाबरणारी बाई ती नव्हे.

म्हणजे कारण दुसरं आहे आणि तू ते लपवतेस. मला वाटतं प्रणयनं तुला गप्प बसवलंय. "आत्या, तू नाही म्हणालीस की आई आपोआप बसेल," असं त्यानं सांगितलं असणार. त्याच्यात हे डोकं माझ्याकडूनच आलंय, म्हणून मला ओळखता येतं. त्याला मी आज सरळ विचारणार आहे. पण तूही सरळ सांग. संध्याबाईंचं नाव मला सुचवू नको. त्या जहाजावर पत्त्यांचा डाव मांडायला येतायत.

वीस मेला सोळा दिवस आहेत.

रत्नमाला


परभणी
९ मे २०२५

ती. वहिनीस,
सविनय जयभीम.

प्रणयला बोलू नका. त्या लेकराचा काही संबंध नाय. तुम्ही त्याला विचारलं आणि त्यानं मला फोन केला, "आत्या, मी असं कधी म्हणलो?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं लिहिते. मी सहलीलाच येत नाय. अतुल मार्चमध्येच म्हणला, "आई, यंदा नको. विशाखाचं ट्रेनिंग, माझी बँक, पोरगी घरी, पाणी आठ दिवसाला. घर कोण बघणार? त्यांना कळवून टाक." मी हो म्हणलं. तवापासून रोज सहलवाल्यांना लावायला फोन हातात घेते आणि ठेवते. कळवलं नाय. तुम्हाला पण कळवलं नाय.

मी प्रणयला फोन केला तो त्यामुळं. बोटीत तुमच्या शेजारी मी असते तर तुम्ही न्हाणीत पडल्याचं कुणाला सांगितलं नसतं. मी धरलं असतं तुम्हाला. मी नाय म्हणल्यावर तुम्हाला कोण धरणार, ह्याच विचारानं तो फोन केला. मला जायला मिळंना म्हणून तुम्हाला पण अडवलं, असं आता कागदावर लिहिल्यावर दिसायलं. लिहायच्या आधी दिसलं नव्हतं.

वहिनी, मी रबरी तळव्याचे बूट आणलेत. उलटीच्या गोळ्यांची एक पट्टी पण. साड्यांच्या खाली ठेवलंय सगळं. मला पण बघायचाय तो. आतापर्यंत कुणाला म्हणले नाय.

अतुल वाईट नाय. त्याला वाटतं मी घरी बसलेली असते.

तुमची,
करुणा


हर्सूल
१६ मे २०२५

प्रिय प्रणय,

तू फोन करशील आणि मी उचलणार नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. आधी तुझी माफी मागते. मी तुझ्यावर जो आरोप केला तो खोटा निघाला.

दुसरं. मी पडले त्या दिवशी आत्याला म्हणाले, तुझ्या दादाला सांगू नको. आत्यानं हे तुझ्यापासून लपवलं, मी लपवत नाही. डॉक्टरांनी तपासलं, कागद सोबत जोडलाय. वाच आणि मग काळजी कर, वाचायच्या आधी करू नको.

आत्याचं नऊ तारखेचं पत्र मला तेराला मिळालं. चौदाला सकाळच्या एसटीनं परभणीला गेले. वाटेत विशाखाला काय काय सुनवायचं ते ठरवत होते. चांगली तीन-चार वाक्यं तयार होती.

अतुलनं दार उघडलं. "मामी! अचानक? बसा, चहा घ्या."

"चहा कोण करतंय?"

"आई."

"मग ती येऊन बसेपर्यंत मी बोलत नाही."

आत्या येऊन बसली. तिचं तोंड उतरलेलं. मी अतुलला विचारलं, तुझ्या आईला का अडवलंस? तो म्हणाला, "मामी, आईला मी कशाला अडवू? पण दहा दिवस घर कसं चालणार? विशाखा नसती, मी बँकेत. पाणी आठ दिवसाला येतं."

"आता कधी येणार?"

तो आईकडं बघायला लागला.

"तिच्याकडं बघू नको. मी तुला विचारलं."

"शनिवारी... का रविवारी, आई?"

तेवढ्यात विशाखा आतून आली. मी माझं पहिलं वाक्य काढणार, तर तीच म्हणाली, "मामी, ट्रेनिंग तीनच दिवसाचं हाय. आणि आईंनी जाऊ नये असं मी कवाच म्हणले नाय. मला कुणी विचारलंच नाय." माझी तयार वाक्यं मला तशीच गिळावी लागली. तिची मी मनातल्या मनात माफी मागितली. तोंडानं मागायला हवी होती.

अतुल म्हणाला, "अगं, पण आई तरी कुठं म्हणाली तिला जायचंय म्हणून?"

आत्या उठली. मला वाटलं चहाचे कप उचलते. ती आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला आणि ते बूट आणून तिनं टेबलावर ठेवले. चहाच्या शेजारी, नवेकोरे. "हे बघ," म्हणाली. "मार्चात आणलेत. मला जायचंय." बूट तिनं तिथून उचलले नाहीत.

अतुलनं एक बूट उलटा करून तळवा बघितला. मग म्हणाला, "पण मला काय काय करावं लागंल?" हा प्रश्न त्यानं चांगल्या मनानं विचारला, हे मी मान्य करते.

आम्ही बदली झाली की शाळेचा चार्ज द्यायचो. कपाटाच्या किल्लीपासून खडूच्या डब्यापर्यंत यादी, खाली देणारीची आणि घेणाऱ्याची सही. चार्ज दिल्याशिवाय बाई शाळा सोडत नाही आणि दिल्यावर तिला कुणी थांबवू शकत नाही. मी नातीची वही मागितली आणि आत्याला म्हणाले, सांग, तू दिवसभर काय करतेस. ती म्हणाली, "काही विशेष नाय." मग सांगत गेली. तीन पानं झाली. अतुल पहिल्या पानावर मधेमधे हसत होता, दुसऱ्यावर त्यानं खुर्ची जवळ ओढली.

फॉर्म आम्ही तिथंच भरले. मी तिच्यावर सही केली, तिनं माझ्यावर. काल शहागंजात नेऊन दिले. धम्मपाल म्हणाला, "मॅडम, नणंद चालते म्हणाले. पण दोघी एकमेकींना संमती देणार? असं चालतं का?"

"फॉर्मवर चालत नाही असं छापलंय?"

त्यानं दोनदा वाचला. "नाय."

"मग घे."

बोटीतली अकरावी आणि बारावी जागा आमची. त्रिंकोमालीला सकाळी साडेसातला बोट सुटेल, दुपारी एकच्या आत परत. सहलवाल्यांनी सांगितलंय की देवमासा दिसेलच अशी हमी नाही. मी हमी मागितलेली नाही. आत्या डावीकडं बघेल, मी उजवीकडं.

तुझी सही आता लागत नाही. ती आली असती तर मला बरं वाटलं असतं. सहा जूनला स्टेशनवर पोचवायला ये, तेवढं कुणाच्या संमतीशिवाय करता येतं.

परभणीच्या यादीची नक्कल तुझ्या माहितीसाठी खाली देते. सगळी तीन पानं लिहीत नाही, मुख्य तेवढी.

आई

चार्ज यादी
दि. १४ मे २०२५, परभणी
देणार: करुणा मगरे. घेणार: अतुल मगरे. मुदत: ५ जून ते १५ जून.

१. नळाचं पाणी. ७ जून आणि १५ जून, पहाटे पाच ते सव्वासहा. आधी हौद, मग तीन पिंपं, मग प्यायचे हंडे. क्रम बदलल्यास प्यायला उरत नाही. मोटारीचं बटण दाखवलं.

२. नातीच्या दोन वेण्या, रोज. विशाखाच्या ट्रेनिंगच्या तीन दिवशी घेणार घालेल. समक्ष दोनदा घालून घेतल्या. दुसरी बरी आली.

३. शेजारच्या केसरबाईंचं इन्सुलिन, सकाळ-संध्याकाळ. हे घेणाऱ्यास देता येत नाही. दवाखान्यातल्या सिस्टर येतील. त्यांना दार उघडणं आणि केसरबाईंनी आधी खाल्लं का ते विचारणं घेणाऱ्याकडं.

४. अतुलची रक्तदाबाची गोळी, नाश्त्यानंतर एक. डबी फ्रिजवर, डाव्या कोपऱ्यात. गेली चार वर्षं देणार बशीत काढून ठेवत असे.

५. ज्वारी निवडून दळायला टाकणं, दर बुधवारी. गिरणीवाल्याला "जाडसर" सांगणं.

६. दुपारी दोन ते तीन घरात कुणी आवाज करू नये म्हणून देणार बाहेर ओट्यावर बसत असे, कारण तेव्हा नात झोपते. ओटा दाखवला.

७. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची किल्ली, एक. धान्याच्या कोठीची किल्ली, एक. दोन्ही दिल्या.

देणारीची सही: करुणा मगरे
घेणाऱ्याची सही: अतुल मगरे
समक्ष: रत्नमाला हिवराळे, विशाखा मगरे

घेणाऱ्याचा शेरा: वरील सर्व मिळाले. क्र. ४ ची जागा निघण्यापूर्वी पुन्हा एकदा दाखवावी.